एकही ओळ न गाळता

माझी बायको ओतिलिया गेली हे मला बेकरीत कळलं.

मंगळवार होता. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी पावाच्या रांगेत उभा होतो, माझ्यापुढे फक्त पोस्टमन होता. काउंटरमागे केशला होती. कॉलेजात असताना या मुलीने दोन वर्षं ओतिलियाच्या वाचनखोलीत काम केलं होतं. आता सकाळी बेकरी आणि दुपारी नर्सिंगचे वर्ग. तिचा फोन वाजला. तिने तो पाहिला आणि पोस्टमनचा पाव हातात धरून तशीच उभी राहिली.

"एलादियोकाका, आत येऊन बसा जरा."

"का? पाव संपला?"

"बसा ना."

"काय आलंय त्यावर?"

"लिसबेलचा मेसेज आहे. आमच्या जुन्या वाचकांच्या ग्रुपवर."

लिसबेल माझी नात. त्या वेळी ती वाचनखोलीत एनेइदाबाईंना वाचून दाखवायच्या कामावर होती. मी म्हणालो, "वाच."

केशलाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खोलीत वाचायची तसंच वाचलं, सावकाश, शब्द सुटे करत. "मिसी ओतिलिया खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. दहा वाजता. डॉक्टर येऊन गेले. जवळ कुणी असेल तर या, मी आणि एनेइदाबाई दोघीच आहोत. आजोबांना अजून कुणी सांगितलेलं नाही. ते फोन घरी विसरून जातात."

शेवटची दोन वाक्यंही तिने वाचली. 

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काकूंना जरा बरं नाही, लगेच कॉलेजात जा. मग चढावर वीस मिनिटं मी आशा धरून चाललो असतो. केशलाने मला ती वीस मिनिटांची खोटी आशा दिली नाही. पोस्टमनने मला त्याच्या गाडीतून वर नेलं.

आमची ओळख एका नोकरीतून झाली. इथे नोकरीपुरतं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या नोकरीवरून झालं.

आमच्या लोमा आल्ताच्या डोंगरातली बहुतेक मुलं कॉलेज करतात ती कमवा-शिकाच्या जोरावर. वर्ग सांभाळून आठवड्याला पंधरा तास काम. कुणी रोपवाटिकेत पिशव्या भरतं, कुणी गोठा साफ करतं. शहात्तर साली मी कॅन्टीनमध्ये ताटं धुवायचो. साबणाने हाताची सालं निघाली, म्हणून कचेरीने मला दुसरं काम दिलं. पहिल्या वर्षाला एक आंधळी मुलगी आली आहे, तिला पुस्तकं वाचून दाखवायची. ती ओतिलिया. सहा वर्षांची असताना तापात तिची दृष्टी गेली होती.

सात महिने मी तिला वाचून दाखवलं. मग तिने मला काढून टाकलं. तिने शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं. उत्तर नकाराचं होतं, आणि नकाराखाली आणखी एक वाक्य होतं, की आंधळ्या बाईच्या हाती मुलं सोपवणं बरं नव्हे. नकार मी वाचला. ते वाक्य गाळलं. तिला ते दुसऱ्या वाचकाकडून कळलं. ती सरळ कचेरीत गेली आणि म्हणाली, या वाचकावर विसंबता येत नाही. मी परत ताटांवर. आठ दिवसांनी ती काठी टेकत कॅन्टीनच्या मागच्या दाराशी आली आणि म्हणाली, "आता तू माझ्या कामावर नाहीस. तेव्हा माझ्याबरोबर जेवायला बसलास तर कुणी काही म्हणणार नाही."

पुढे कॉलेजनेच तिला वाचनखोली दिली. चौतीस वर्षं तिने ती चालवली; मुलं तिला मिसी म्हणायची, म्हणजे बाई. दृष्टी नसलेले विद्यार्थी कधी सहा असत, कधी एकच. त्यांची पुस्तकं कमवा-शिकाची मुलं वाचून दाखवायची, नाहीतर वाचून रेकॉर्ड करून ठेवायची. नव्या वाचकाला ओतिलिया स्वतः कधी शिकवत नसे. मे महिन्यात बाहेर पडणारा वाचक नव्याला शिकवायचा. शेवटचे पंधरा दिवस जुन्याने पुस्तकाला हात लावायचा नाही, शेजारी बसून ऐकायचं. सुरुवातीला आपलं नाव आणि पान सांगायचं. तक्ता आला तर तक्ता पूर्ण सांगायचा. एखादी गोष्ट कळली नाही तर 'हे मला कळलं नाही' असं मोठ्याने म्हणायचं आणि पुढे जायचं. ओतिलिया कोपऱ्यात विणत बसलेली असायची. ओळ सुटली की अर्थ जुळायचा नाही, आणि कोपऱ्यातून एकच शब्द यायचा. "गाळलंस."

शंभरावर मुलं त्या खोलीतून गेली. तोमास पशुपालन शिकत होता आणि त्याच्या वाट्याला मानसशास्त्राचं पुस्तक आलं होतं. वर्षअखेर तो सांगायला लागला की गोठ्यातल्या पिवळ्या गाईला लहानपणी आईची माया कमी पडली आहे. आज तो शाळेत मुलांचं ऐकून घेण्याचं काम करतो. मोठ्या वादळानंतर चार महिने वीज नव्हती, रेकॉर्डर बंद पडले होते. तेव्हा वाचक सकाळी सहाला येऊन खिडकीपाशी उजेडात वाचत बसायचे. त्यातल्या निम्म्यांच्या घरांवर छप्पर नव्हतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

*

हेनोवेवा तिसऱ्या दिवशी फ्लोरिडाहून आली. ओतिलियाची मोठी बहीण. पंचवीस वर्षं तिकडच्या किसिमीत राहते, पण घरात पाऊल टाकताच जणू कधी गेलीच नव्हती. गेलेल्या माणसासाठी नऊ संध्याकाळ म्हणायच्या जपमाळेला पुढे कुणी म्हणायचं, कॉफी कुणी करायची, शेजारणींनी आणलेला भात कुठे ठेवायचा, सगळं ती ठरवू लागली. मला ते बरंच झालं. मला काही ठरवता येत नव्हतं.

सहाव्या दिवशी टेबलावर घालायचं पांढरं कापड शोधताना तिला खणात एक पाकीट मिळालं. पोन्से शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र होतं, अकरा आठवड्यांपूर्वीचं, दोन पानांचं. पहिल्या पानावर तपासण्या होत्या आणि शस्त्रक्रिया करावी असा सल्ला होता. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की या वयात आणि इतकी साखर असताना दहापैकी तीन माणसं शस्त्रक्रियेतून परत येत नाहीत, आणि शस्त्रक्रिया केली नाही तर हृदय कुठल्याही दिवशी थांबू शकतं.

हेनोवेवाने ते उभ्या उभ्या वाचलं. मग विचारलं, "हे तिला कुणी वाचून दाखवलं?"

लिसबेल कप पुसत होती. "मी."

"सगळं?"

"सगळं."

"दुसरं पान पण?"

"हो, मावशीआजी."

"आणि ते ऐकून ती घाबरली आणि गेलीच नाही शस्त्रक्रियेला. मरेपर्यंत खुर्चीत बसून राहिली."

त्या संध्याकाळपासून हेनोवेवाने लिसबेलला आशीर्वाद देणं बंद केलं. आमच्याकडे लहान माणूस घरात शिरताना म्हणतं, "आशीर्वाद," आणि मोठं माणूस म्हणतं, "देव तुझं भलं करो." नुकतंच ज्याला बदडलंय त्या पोरालाही हे उत्तर मिळतं. लिसबेल म्हणायची, "आशीर्वाद, मावशीआजी," आणि हेनोवेवा पातेल्यात डाव फिरवत राहायची.

खरी गोष्ट वेगळी होती. ते पाकीट आधी मी फोडलं होतं, पोस्टातून येताना रस्त्यातच. दुसरं पान वाचून मी भिंतीला टेकून उभा राहिलो. घरी येऊन ते पुन्हा चिकटवलं. टपाल ओतिलिया माझ्याकडून वाचून घेत नसे. एकदा काढलेला वाचक तो काढलेला. माझ्या वाट्याला फक्त वर्तमानपत्र होतं. म्हणून मी लिसबेलला परसात बोलावलं आणि सांगितलं, आजीला पहिलं पान वाच, दुसरं राहू दे.  ती आत गेली आणि दोन्ही पानं वाचली.

हे तिने हेनोवेवाला सांगितलं नाही. मी तिथेच टेबलाशी बसलो होतो. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिसबेलने कॉलेजच्या कचेरीत अर्ज दिला. वाचनखोलीतलं काम सोडते आहे, हे सत्रही सोडते आहे. शनिवारी ती हेनोवेवाबरोबर किसिमीला जाणार होती. तिकडच्या एका हॉटेलात काउंटरवर जागा होती. आमच्या घरातून पदवीपर्यंत फक्त ओतिलिया पोचली होती. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, पोरांनी शाळेनंतर सोडलं. लिसबेलचं एक वर्ष उरलं होतं.

*

नवव्या दिवशी, गुरुवारी, स्वयंपाकघरात जे बोलणं झालं ते मला सोराइदाने नंतर सांगितलं. सोराइदा माझी मुलगी, लिसबेलची आई, गावच्या शाळेत स्वयंपाक करते. दुपारचे चार वाजले होते. हेनोवेवा रात्री लोकांना द्यायच्या गरम चॉकलेटमध्ये घालायला चीज किसत होती.

"शनिवारी दुपारचं विमान आहे. पोरीला दोन जीन्स आणि एक स्वेटर पुरे. तिकडे सगळं मिळतं."

"ती अजून नक्की म्हणालेली नाही, मावशी."

"अर्ज दिलाय ना? मग नक्की म्हणजे आणखी काय, ढोल वाजवायचे?"

"तुम्ही तिला आशीर्वाद देत नाही आणि विमानात शेजारी बसवणार."

किसणी थांबली. "तोंडातून निघत नाही गं. ती समोर आली की मला ते पान दिसतं. पोरगी वाईट नाही, काम वाईट आहे. वीस वर्षांच्या मुलीकडून कुणी असली पत्रं वाचून घेतं का? हॉटेलात बरं. नाव विचारायचं, किल्ली द्यायची."

"आईने तिला शिकवलं तसं तिने केलं."

"तुझ्या आईला सगळ्यात आधी मी वाचून दाखवलंय. मी आठ वर्षांची होते. गोष्टीतला कुत्रा मेला की मी त्याला जिवंत करायचे. काय बिघडलं तिचं?"

सोराइदा मला म्हणाली, "बाबा, मी गप्प बसले. मलाही वाटत होतं की कुत्रा जिवंत केला असता तर बरं झालं असतं."

तेवढ्यात पुढच्या दाराशी काठी आपटली. "चीज किसताय वाटतं. मग मी वेळेवर आले."

एनेइदाबाई होत्या. एकावन्न वर्षांच्या. शिवणकारखान्यात होत्या, चार वर्षांपूर्वी साखरेने डोळे गेले. घरी बसून राहायचा कंटाळा आला म्हणून समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. लिसबेल त्यांची वाचक.

"जपमाळ सातला आहे," हेनोवेवा म्हणाली.

"ठाऊक आहे. मी माझ्या वाचकासाठी आले. कुठाय ती?"

"तिने ते काम सोडलं."

"वाक्याच्या मध्येच? 'कुटुंबात संघर्ष होण्याची तीन कारणं आहेत. पहिलं कारण,' इथे थांबलीय ती. नऊ दिवस झाले, पहिलं कारण काय असेल याचाच विचार करतेय मी. मग म्हटलं, चला, एखाद्या घरी जाऊन बसावं. कारण आपोआप कळेल."

सोराइदाला हसू आलं. हेनोवेवाला आलं नाही. सोराइदा त्यांचा हात धरून मागच्या पायऱ्यांकडे घेऊन गेली. लिसबेल तिथे बसली होती.

मी पाण्याच्या टाकीची झडप दुरुस्त करत होतो, टाकीच्या पलीकडच्या बाजूला. ऐकायला गेलो नव्हतो, पण ऐकलं.

"बसू का?" एनेइदाबाई म्हणाल्या.

"बसा, बाई. डावीकडे कुंडी आहे."

"त्या दिवशी तू एक ओळ गाळलीस."

"माहीत आहे."

"कोपऱ्यातून काहीच आलं नाही. मला वाटलं, मिसी आज दया करतायत. मग मनात आलं, मिसींनी कधी कुणावर दया केलीय?"

लिसबेल म्हणाली, "मीही थांबले होते. वाटत होतं, आता म्हणेल, आता म्हणेल. मान वर करायचा धीर होईना. सुया तिच्या हातातच होत्या."

"हं."

"पुन्हा तिथे बसले तर प्रत्येक ओळीला तेच होणार."

"होऊ दे. माझी सोमवारी परीक्षा आहे."

"दुसरा वाचक देतील तुम्हाला."

"देतील. तो तक्ता आला की 'इथे एक तक्ता आहे' म्हणेल आणि पान उलटेल. तक्त्यावर प्रश्न आला की मी काय लिहू, तक्ता होता?" त्या थांबल्या. "लिसबेल, तू विशीतली आहेस, तू एक वर्ष टाकून देऊ शकतेस. माझ्याकडे टाकायला नाही."

"घरात सगळ्यांना वाटतं की मी वाचलं म्हणून आजी गेली."

"आणि तुला?"

 मी पाना खाली ठेवला.

*

स्वयंपाकघरात जाऊन मी म्हणालो, "हेनोवेवा, ती किसणी ठेव बाजूला. सोराइदा, लिसबेलला आत बोलाव. एनेइदाबाईंनाही."

"काय झालं? कुणी आलं का?"

"कुणी नाही आलं. त्या पत्राबद्दल बोलायचंय."

सगळ्या टेबलाशी आल्या. मला भाषण करता येत नाही. मी उभ्यानेच सांगून टाकलं. "ते पत्र आधी मी वाचलं होतं. दुसरं पान गाळ असं मीच हिला सांगितलं होतं. हिने गाळलं नाही. तीन दिवस ही तुझं ऐकून घेतेय आणि माझं नाव घेत नाही, आणि मी समोर बसून कॉफी पितोय."

हेनोवेवा माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तूही कुत्रा जिवंत करणारा."

कुत्र्याची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. तरी मी हो म्हणालो.

"मग बोलला का नाहीस? मला वाटलं, या घरात मी एकटीच मूर्ख आहे." मग तिने मान वळवली. "आणि तुला गं? आजोबांचं ऐकलं असतंस तर काय झालं असतं?"

"मावशी, थांबा." हे सोराइदा म्हणाली. इतका वेळ ती हेनोवेवाच्या शेजारी उभी होती. आता ती टेबलाला वळसा घालून लिसबेलच्या खुर्चीमागे गेली. "सगळे हिला विचारतायत, का वाचलंस. ऐकून आई काय म्हणाली, हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही."

खरंच कुणी विचारलं नव्हतं.

लिसबेलने हात मांडीवर ठेवले. खोलीत वाचायला बसते तशी बसली. "आधी म्हणाली, दुसरं पान पुन्हा वाच. मी वाचलं. मग म्हणाली, दुसऱ्या परिच्छेदात अडखळलीस, तो शब्द नीट बघ. मी बघितला. मग म्हणाली, दहातले तीन जातात म्हणजे सात येतात. ठीक आहे. पण आत्ता नाही, मे संपल्यावर. एनेइदाचं पहिलं वर्ष पार पडू दे. पहिल्या वर्षात वाचक आणि खोली दोन्ही बदलली की माणूस कॉलेज सोडतं, हे तिने पाहिलंय म्हणाली. नंतर झोपेन त्या डॉक्टरांच्या टेबलावर. म्हणाली, तोवर थांबलं हृदय तर थांबलं, ते मी आता ऐकलंय, ठरवायचं मी."

"घाबरली नव्हती?" सोराइदाने विचारलं.

"घाबरली होती. माझा हात धरून बसली होती. पण जूनची तारीख घ्यायला तिने माझ्याकडूनच फोन लावून घेतला. जूनच्या चार तारखेची आहे. अजून रद्द केलेली नाही."

एनेइदाबाईंनी काठी दोन्ही हातांत धरली होती. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी थांबल्या होत्या होय." त्यांनी लिसबेलच्या दिशेने तोंड वळवलं. "हे मला आज कळलं. सांगितलंस ते बरं केलंस. आता मला नापास होऊन चालायचं नाही."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?" मी विचारलं.

लिसबेल कचरली.

"सांग."

"पाकिटावरून बोट फिरवून म्हणाली, हे पुन्हा चिकटवलंय. आजोबांनी वाचलं ना? मी हो म्हटलं. विचारलं, तुला काय म्हणाले? मी सांगितलं, आजोबा. तिने विचारलं म्हणून."

"मग?"

"हसली. म्हणाली, सत्याहत्तर साली काढला तरी माणूस सुधारला नाही. असू दे. वर्तमानपत्र वाचू दे त्याला. नाहीतर संध्याकाळी करेल काय?"

अकरा आठवडे रोज संध्याकाळी मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. मरणाच्या बातम्या मी गाळायचो. तिला ते सगळं माहीत होतं. ती ऐकत बसायची आणि शेवटी म्हणायची, "छान वाचलंस, एलादियो." मी खुर्ची ओढून बसलो.

हेनोवेवा हळूच म्हणाली, "मला का नाही कळवलं?"

"म्हणाली, आत्ता सांगितलं तर मावशीआजी आजच्या विमानाने येईल आणि मला मेपर्यंत पलंगावरून उठू देणार नाही. जूनच्या आधी मी स्वतः तिला बोलावीन. आत नेताना हात धरायला मला तीच पाहिजे."

"तिने फोन केला होता मला," हेनोवेवा म्हणाली. "मागच्या महिन्यात. म्हणाली, मे अखेरीला काय करतेयस, इकडे ये. मी म्हटलं, आंबे खायला बोलावतेयस काय? ती म्हणाली, हो, आंबेच." तिने हातातलं भांडी पुसायचं फडकं तोंडाला लावलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. सोराइदा तिच्याकडे गेली नाही. लिसबेल उठून गेली. तिच्याशेजारी उभी राहिली आणि सवयीनेच म्हणाली, "आशीर्वाद, मावशीआजी."

"देव तुझं भलं करो," हेनोवेवा फडक्यातून म्हणाली. "पुस्तक कुठाय ते? घेऊन ये आणि या बाईंना घेऊन गॅलरीत बस. साडेचार वाजलेत. पहिलं कारण काय ते मलाही ऐकायचंय."

"आणि विमान?" सोराइदाने विचारलं.

"विमान शनिवारी आहे. आज गुरुवार आहे."

*

पुस्तक एनेइदाबाईंच्या पिशवीतच होतं. सोबत रेकॉर्डरही होता. त्या तयारीनेच आल्या होत्या.

"वाचक लिसबेल. पान दोनशे चौदा," लिसबेल म्हणाली आणि थांबली. गॅलरीच्या कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची होती. मी ती उचलून आत नेली नाही, आणि तिच्यावर बसलोही नाही. ती जरा वेळ तिकडे बघत होती. मग वाचायला लागली.

सव्वापाचला केशला पावाची टोपली घेऊन आली. ती टोपली ठेवून लिसबेलच्या शेजारी बसली आणि पाच पानं नुसती ऐकली. लिसबेलचा आवाज बसायला लागला तेव्हा तिने हात पुढे केला. "वाचक केशला. पान दोनशे एकतीस." सहाला औषधांच्या दुकानातली इवेलिस आली, मग बसचा ड्रायव्हर रामिरो आला, तो गणवेशातच. रामिरो सगळ्यात जुना, चौऱ्याऐंशी सालचा, ओतिलियाच्या पहिल्या तुकडीतला. नाकावर चष्मा चढवून त्याने सहा पानं वाचली. एका परिच्छेदानंतर म्हणाला, "हे मला कळलं नाही," आणि पुढे गेला. तीस वर्षं बस चालवून त्याला ते आठवत होतं.

साडेसहापर्यंत गॅलरीत अकरा जण होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, जपमाळेलाच आले होते. पण दारात कानावर वाचन पडलं की ते रांगेत बसायचे. एक जण थांबला की पुढचा नाव सांगायचा, पान सांगायचा, आणि वाक्य जिथे सुटलं तिथून उचलायचा. ही मुलं, म्हणजे आता पन्नाशीची माणसंसुद्धा, कुठल्या शाळेत असं शिकली असती मला माहीत नाही. आठवड्याला पंधरा तासांच्या एका नोकरीत शिकली.

मी चॉकलेटचे कप फिरवत होतो. एनेइदाबाईंनी विचारलं, "तुम्ही नाही वाचणार, एलादियो?"

"मला काढलंय."

"हो की. मग कप नीट धरा, सांडताय."

सात वाजता हेनोवेवा जपमाळ हातात घेऊन दारात आली. तेव्हा तोमास वाचत होता आणि मध्येच तक्ता आला होता. चार रकाने, नऊ ओळी. तो एकेक आकडा सांगत होता. सोराइदा हेनोवेवाला म्हणाली, "थांबवू का त्याला?"

"तक्ता अर्धा ठेवून कसं चालेल?" हेनोवेवा म्हणाली, आणि दाराला टेकून उभी राहिली.

जपमाळ पाऊण तास उशिरा सुरू झाली. लोक परसापर्यंत उभे होते. शेवटच्या संध्याकाळी गेलेल्या माणसाचं मोठ्याने नाव घ्यायचं असतं, ते लिसबेलने घेतलं. माझ्याने होईना.

शुक्रवारी सकाळी सातला मी तिला गाडीतून कॉलेजवर सोडलं. फाटकाशी कचेरी डावीकडे आहे आणि वाचनखोली उजवीकडच्या जिन्याने वर. ती उजवीकडे वळली. एनेइदाबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

कचेरी नऊला उघडते. सातव्या प्रकरणाची शेवटची अकरा पानं, आठवं आणि नववं अजून वाचायचं राहिलं आहे. अर्ज मागे घ्यायचाही राहिला आहे.